बघणाऱ्याचा उजवा

विमानाच्या उजव्या पंखात बसवायची मोटर मी डाव्या पंखात बसवायला लावली. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर गोष्ट रंगवता रंगवता मी ती चूक दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलेन. तसं एकदा करूनही झालंय, आणि ज्याच्यावर ढकलली तो तेव्हा माझ्यापासून चार पावलांवर उभा होता.

विमान अर्थातच माझं नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत वाढलेल्या माझ्या मित्राचं होतं. तो जहाजावर इंजिनीयर झाला, मग जहाजांना सुटे भाग पुरवायचा धंदा काढला, तो वाढवून मुलीच्या हातात दिला आणि आता चाळीच्या समोर, गिरणी पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये बत्तिसाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या बाल्कनीतून आमची गच्ची दिसते. "तुझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आज वाळत नाही घातलास का रे," असं तो फोनवर विचारतो. प्रेमानेच विचारतो. तेव्हापासून तो पायजमा मी घरातल्या दोरीवर वाळवतो.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावतात. ह्याने विमान मागवलं. तयार नव्हे, सुट्या भागांचं. लाकडी पेट्यांमधून पंख, शेपूट, नळ्या, हजारो रिव्हेट येतात, सोबत जाडजूड पुस्तकं येतात आणि आपलं आपण जोडायचं. दोन माणसांचं, चिमुकलं. एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात त्याने ते जोडलं, परवानग्यांची फाईल पुरी केली, उडवायला शिकला आणि मुंबईबाहेरच्या एका खाजगी धावपट्टीवर ते ठेवून दर रविवारी उडायला लागला. मला फोटो पाठवायचा. मी शाबासकीचा अंगठा पाठवायचो आणि बायकोला म्हणायचो, खेळणं आहे. त्या रविवारी मला जेवण जात नसे. माझ्या जागी त्याला बसवून आणि त्याच्या जागी मला बसवून मी बरेचदा बघितलंय. मी त्या जागी जास्त शोभत होतो.

मग त्याच्या मनात आलं की विमानाला ऑटोपायलट हवा. सगळं आपोआप करणारा नव्हे, नुसती दिशा धरून ठेवणारा. लांबच्या पल्ल्यावर हात आखडतात, म्हणाला. त्याचा मेंदू म्हणजे समोरच्या फळीवरची एक लहानशी पेटी, आणि हात म्हणजे पंखात बसवायची एक मोटर, जिला ते लोक सर्व्हो म्हणतात. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवरची एक फळी असते. ती एका पंखावर वर गेली की दुसऱ्यावर खाली जाते, विमान कलतं आणि वळतं. पायलट ती स्टिकने हलवतो. ऑटोपायलट तीच फळी सर्व्होच्या दांड्याने ढकलतो किंवा ओढतो. एवढंच.

हे एवढंच तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन पुस्तकांत पसरलं होतं. त्याने मला बत्तिसाव्या मजल्यावर बोलावलं आणि एक पेन ड्राइव्ह हातात दिला. "तुझ्याएवढा चिकट वाचक माझ्या माहितीत नाही," म्हणाला. "तू वाच, काय कुठे बसवायचं ते काढून दे. आणि ऑटोपायलट पहिल्यांदा चालू करीन ना, तेव्हा शेजारच्या सीटवर तू."

शेजारच्या सीटवर मी. मी खाली उतरताना लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघितलं. जन्मभर लिफ्टच्या देखभालीची नोकरी केली, पण लिफ्टमधल्या आरशात इतका देखणा मी कधीच दिसलो नव्हतो.

दादरला जाऊन तिन्ही पुस्तकं छापून घेतली, स्पायरल लावलं आणि जेवणाच्या टेबलावर संसार मांडला. बायको भाजी निवडायला जमिनीवर बसायला लागली. तिने एकदा विचारलं की हे कधी संपणार, तर मी तिला सर्व्होच्या दांड्यावरच्या तीन भोकांबद्दल सांगितलं. तिने परत विचारलं नाही.

खरं सांगतो, मला मजा आली. विमानाच्या पुस्तकात म्हटलं होतं की सर्व्हो उजव्या पंखात, तिसऱ्या आडव्या फासळीला लावा. सर्व्होच्या पुस्तकात म्हटलं होतं की विमानाच्या पुस्तकाचं ऐका. पेटीच्या पुस्तकात दोघांचंही न ऐकता तारांचा एक तक्ता दिला होता: विमान उजवीकडे वळताना दांडा बाहेर जात असेल तर अमुक दोन तारा सरळ जोडा, आत येत असेल तर अदलाबदल करा. मग सुधारित पानं निघाली होती, जी जुन्या पानांच्या उलट बोलत होती. इंटरनेटवर कुठल्या तरी थंड गावातल्या एका म्हाताऱ्याने हेच विमान, हाच सर्व्हो बसवून प्रत्येक स्क्रूचा फोटो टाकला होता. मी त्याच्यावरही जळलो. त्याच्या गॅरेजमध्ये आमच्या तीन खोल्या मावल्या असत्या.

आता माझी पात्रता सांगतो, कारण चूक तिथूनच निघाली. चाळीस वर्षं मी आमच्या मंडळाच्या गणपतीचे हलते देखावे केले. राक्षसाची मान वळवायची, हत्तीची सोंड उचलायची, पुतळ्याचा हात आशीर्वादाला वर न्यायचा. ट्रकच्या वायपरची मोटर, एक दांडा, दोन बिजागऱ्या. मला सर्व्हो बघताक्षणी ओळखीचा वाटला. आमच्या ह्या कामात एक नियम असतो, जो कुणी कुणाला शिकवत नाही. डावं-उजवं नेहमी बघणाऱ्याचं. एक जण मांडवात, रांगेतला भक्त जिथे उभा राहणार तिथे उभा राहतो आणि पडद्यामागच्याला ओरडून सांगतो, उजवा हात वर घे. म्हणजे पुतळ्याचा डावा. पडद्यामागच्याने उलट विचारायचं नाही. पुतळा स्वतःच्या बाजूने जगाकडे बघत नाही, त्याच्याकडे लोक बघतात. चाळीस वर्षांत हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की मला तो नियम आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आणि नोकरीत तर वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा होत्या.

पावसाळ्यात धावपट्टीवर चिखल होतो. म्हणून मित्राने दोन्ही पंख काढून टेम्पोतून लालबागच्या गाळ्यात आणले आणि लाकडी घोड्यांवर ठेवले. विमानाचं धड तिकडेच राहिलं. काम सुरू करायचं म्हणून मी रुबाबात गाळ्यावर गेलो, तर तिथे एक माणूस आधीच बसला होता.

हा माझगावचा. गोदीत फिटर होता, आता निवृत्त. माझ्या मित्राची आणि त्याची ओळख जहाजांपासूनची. सडपातळ, पांढरा शर्ट, गळ्यात बारीक साखळीत क्रूस, आणि बोटं अशी की स्क्रूला हात लावायच्या आधी स्क्रू मऊ होत असावा. मला भाऊ म्हणाला. मित्राला चीफ म्हणाला. ते चीफ मला खुपलं. मी मित्राला चौथीपासून बावळट म्हणत होतो, आणि त्या हाकेला तो इतक्या आनंदाने कधी वळला नव्हता.

ठरलं असं की मी पुस्तकं वाचून नकाशे काढायचे आणि माझगाववाल्याने बसवायचं. सर्व्होला धरणारा अल्युमिनियमचा कंस त्याने एका दुपारीत घडवला. मी तोच कंस कागदावर चार दिवस काढत होतो. मित्राने तो हातात फिरवून बघितला आणि मला म्हणाला, "हात बघ ह्याचे." मी बघितले. चहा आला तेव्हा पहिला कप त्याला गेला. ते दोघं जुन्या बोटींच्या इंजिनरूमबद्दल बोलायला लागले की मला त्यात शिरायला जागा नसे. लिफ्टच्या खड्ड्यातले माझे किस्से मी सुरू करायचो, ते दोघं थांबून नम्रपणे ऐकायचे. त्यापेक्षा त्यांनी मला गप्प बस म्हटलं असतं तर बरं.

एक दिवस त्याने दांड्याच्या मधल्या भोकात बोल्ट घालून फळी हाताने वरखाली केली. डोळे मिटून. मग म्हणाला की आतलं भोक घेतलं तर दांडा पुरा सरळ होऊन अडकेल, मधलंच ठेवू. हे सर्व्होच्या पुस्तकात जाड चौकटीत छापलं होतं. ते पान मी पाठ केलं होतं. आणि हा माणूस एक ओळ न वाचता, डोळे मिटून तिथे पोचला होता.

त्या संध्याकाळी मित्र सहज म्हणाला की सीटचं बघू, दोघांपैकी कोण बसतं ते. सहज म्हणाला. मी घरी येईपर्यंत दोन वेळा चुकीच्या जिन्याने चढलो.

मग माझ्या हातून जे झालं त्याला चूक म्हणणं सभ्यपणाचं होईल. दुसऱ्या दिवशी कोणत्या पंखात बसवायचं हे मला दाखवायचं होतं. पंख घोड्यांवर होते, जाड कड माझ्याकडे. म्हणजे विमान असतं तर त्याचं तोंड माझ्याकडे असतं. मी समोर उभा राहिलो, जसा चाळीस वर्षं मांडवात उभा राहिलो, आणि माझ्या उजव्या हाताच्या पंखावर खडूने मोठ्ठं 'उजवा' लिहिलं.

माझगाववाला जरा वेळ त्या खडूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, उजवा म्हणजे आत बसणाऱ्याचा ना?"

इथे मी फक्त थांबायला हवं होतं. एक श्वास. पण तो प्रश्न मला प्रश्न वाटलाच नाही, मला ती माझ्या सीटवर मारलेली उडी वाटली. मी म्हणालो, "पुस्तकं मी वाचलीयत."

संध्याकाळी जाताना त्याने मागितलं, विमानाचं पुस्तक एका रात्रीपुरतं द्याल का, एकदा नजर टाकतो. मी म्हणालो, बाईंडिंगला दिलंय. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. पिशवी माझ्या खांद्यावर होती. त्याने पिशवीकडे बघितलं की नाही मला आठवत नाही. बघितलं असावं.

त्याने माझ्या नकाशाप्रमाणे सर्व्हो बसवला. कंस त्या पंखात नीट बसेना, तर आरशात दिसावा तसा उलटा दुसरा घडवला. तेव्हाही मला शंका आली नाही. उलट मी मित्राला सांगितलं की पहिला कंस ह्याने चुकीचा केला होता.

दिवाळीच्या आधी पंख परत धावपट्टीवर गेले, जोडले, तारा पेटीपर्यंत पोचल्या. तारा कशा जोडायच्या ते तक्त्यावरून मी लिहून दिलं होतं. जमिनीवर चाचणी करून मग उडायचं असं ठरलं. त्या दिवशी बायकोही आली. तिचं म्हणणं, ज्याच्यापायी मी चार महिने जमिनीवर बसून मेथी निवडली ते एकदा बघू तरी. घावणे आणि चटणीचा मोठा डबा घेऊन आली.

मित्र विमानात बसला. मी त्याच्या बाजूला, उघड्या दारापाशी, तिन्ही पुस्तकं छातीशी धरून. माझगाववाला पंखाच्या टोकाशी. मी पानावरची पायरी मोठ्याने वाचली: चालू करा, दिशेचं बटण डावीकडे फिरवा, स्टिक डावीकडे गेली पाहिजे. मित्राने बटण डावीकडे फिरवलं. स्टिक सावकाश, अगदी आज्ञाधारकपणे, उजवीकडे गेली.

त्याने उजवीकडे फिरवलं. स्टिक डावीकडे.

त्याचा अर्थ मला पुस्तकातून ठाऊक होता, तिथे तो लाल अक्षरांत होता. हवेत विमान जरा डावीकडे कललं असतं तर सावरण्याऐवजी ह्या यंत्राने त्याला आणखी डावीकडे लोटलं असतं. ते बंद करायला स्टिकवर लाल बटण असतं, जोर लावून पायलट त्याला हरवूही शकतो. तरी ते पान मी नेहमी घाईघाईने उलटायचो.

आणि हे सगळं ठाऊक असताना मी म्हणालो, "वायरिंग उलटं झालंय. बघ कुणी केलं ते."

माझगाववाल्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला माझा नकाशा काढला, पंखावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पान्हा ठेवला. माझं अक्षर. माझे बाण. 'उजवा पंख' आणि त्याखाली दुहेरी रेघ. मित्र खाली उतरला, नकाशा बघितला, मग सर्व्हो ज्या पंखात होता तिकडे बघितलं, मग आत सीटकडे. मी तोवर चालत विमानाच्या नाकासमोर जाऊन उभा राहिलो होतो. तिथून बघितलं तर सगळं बरोबर होतं. मी तसं म्हटलंही.

"तिथे कोण बसणार आहे?" मित्राने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मांडव, पडदा, राक्षसाची मान, सगळं एकदम. मी समजावून सांगायला गेलो की आमच्या देखाव्यांत असंच असतं. मित्र हसला नाही. ह्या यंत्राच्या भरवशावर तो हात सोडून हवेत बसणार होता. तो एवढंच म्हणाला की उजवा कुणाचा, हा प्रश्न तुला कुणी विचारला नव्हता का?

मी माझगाववाल्याकडे बघितलं. तो सांगू शकत होता. खडू, पुस्तक, पिशवी, सगळं. तो म्हणाला, "विचारायला मीच नीट विचारलं नाही, चीफ." आणि विमानात शिरून, पेटीच्या फळीखाली डोकं घालून तारा शोधायला लागला.

ह्याच्याइतका राग मला त्याचा आधी कधी आला नव्हता. माणूस खोटारडा निघाला असता, माझी चहाडी केली असती, तर मी त्याच्या बरोबरीला तरी आलो असतो.

सर्व्हो तिथेच राहू द्यायचा ठरला. डाव्या पंखात असला तरी त्याचं काही बिघडत नाही, दोन तारांची अदलाबदल पुरते. माझगाववाल्याने ती पाऊण तासात केली, तारा खेचून बघितल्या, दहा वेळा चाचणी घेतली. डावीकडे डावी, उजवीकडे उजवी. पायऱ्या ह्या वेळी मित्राने स्वतः वाचल्या. पुस्तक त्याने माझ्या हातातून काढून घेतलं तेव्हा माझी बोटं स्पायरलमध्ये अडकली होती.

मग तो माझगाववाल्याला म्हणाला, चल. माझ्याकडे न बघता म्हणाला, ही त्याची दया.

ते उडाले. मी आणि बायको शेडच्या सावलीत. ऑटोपायलट चालू केला की पंख एकदा हलवून दाखवतो असं त्याने सांगितलं होतं. वर गेल्यावर पंख हलले, आणि मग ते विमान कुणी पट्टी ठेवून रेघ मारावी तसं सरळ निघालं. आता कबूल करायला हरकत नाही: मी मनातल्या मनात ते जरा वाकडं जावं अशी वाट बघत होतो. अपघात नको, देवाशपथ. थोडं वाकडं. पेनने लिहिताना कुणाचा कोपर लागावा तेवढं. शेजारच्या सीटवर त्या वेळी पांढरा शर्ट असणार, आणि त्याच्या समोरच्या काचेतून डोंगर दिसत असतील, नदी दिसत असेल, हे मला एकेक करून दिसत होतं. बायकोने विचारलं, किती सरळ चाललंय नाही? मी म्हणालो, वारा नाहीये.

अर्ध्या तासाने उतरले. माझगाववाला उतरून आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं असेल. माझ्याजवळ येऊन त्याने माझा हात धरला आणि म्हणाला की भाऊ, तुमच्या पुस्तकात होतं तसंच झालं, अगदी तसंच. बायकोने त्याला ताटली दिली. मी हात सोडवून घेतला.

तोच मित्राने विमानातून हाक मारली. इंजिन अजून चालू होतं. ऊन चढायला अवकाश आहे, म्हणाला, अजून एक फेरी होईल. "ये, बावळटा. बस."

मी उठलो. खरंच उठलो, आणि चालत विमानापर्यंत गेलो. आतापर्यंत मी ते विमान कागदावर बघितलं होतं, नाहीतर तुकड्यांत. जवळून, चालू इंजिनाचं, ते सगळं थरथरत होतं. दार कॅलेंडरच्या पुठ्ठ्याएवढं जाड. सीटचा पट्टा माझगाववाल्याच्या मापाला आवळलेला होता. खाली, त्या पत्र्याच्या पलीकडे, काही नव्हतं. मी दारावर हात ठेवला आणि म्हणालो की आज सकाळची बीपीची गोळी राहिलीय, उगाच धोका नको, पुढच्या वेळी नक्की.

मित्राने इंजिन बंद केलं. मी सावकाश परत शेडमध्ये आलो. माझगाववाला ताटली खाली ठेवून उठला आणि म्हणाला, जा ना भाऊ, माझ्यासाठी जा, वरून फार सुंदर दिसतं. मी पुन्हा गोळीचं सांगितलं. बायको म्हणाली की गोळी सकाळी सातला माझ्यासमोर घेतलीय, पाणी मी दिलं होतं. मग तिने डब्यातून आणखी एक घावणा काढून त्याच्या ताटलीत वाढला.

"बसा हो तुम्ही, खाऊन घ्या," ती त्याला म्हणाली. "ह्यांना त्यात कधी बसायचंच नव्हतं. तुम्ही बसू नये, एवढंच होतं ह्यांचं."